खडी, साखर आणि शुगर

इंग्रजी भाषेच्या इतिहासात उसन्या शब्दांचा पाठ आला की ‘शुगर’ हा शब्द हमखास फळ्यावर येतो. संस्कृत ‘शर्करा’, फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन ‘सुक्कारुम’, जुनी फ्रेंच ‘सुक्र’ आणि शेवटी इंग्रजी ‘शुगर’ अशी बाणांची एक ओळ काढायची आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे, असा शिरस्ता आहे. विद्यार्थीही या ओळीवर खूश असतात, कारण जगाच्या चहात विरघळणारा शब्द मुळात आपला निघाला, याचे समाधान मोठे असते. आम्हीही अनेक वर्षे ही ओळ अशीच काढत आलो. ती चुकीची नाही. मात्र बीड जिल्ह्यातल्या वर्गात ती काढताना अडखळायला होते. दसरा-दिवाळी उलटली की याच वर्गातली काही बाके रिकामी होतात. त्या बाकांवरची मुले-मुली याच शब्दाच्या मागे, दोन-तीनशे किलोमीटरांवर, उसाच्या फडात गेलेली असतात. शब्दाचा प्रवास सांगणाऱ्या आमच्या बाणांत त्यांचा प्रवास कोठेच नसतो. म्हणून या एका शब्दाची गोष्ट इथे पुन्हा, पण बीडमध्ये उभे राहून, सांगावीशी वाटते.

आरंभ मूळ अर्थापासून करावा लागेल. ‘शर्करा’ या शब्दाचा पहिला अर्थ साखर नाही. तो आहे खडे, बारीक दगड, वाळूमिश्रित खर. अथर्ववेदाच्या काळापासून हा शब्द खड्याच्या अर्थाने वापरलेला दिसतो. पाणिनीने एका सूत्रात ‘सिकता’ आणि ‘शर्करा’, म्हणजे वाळू आणि खडे, यांची जोडी घेतली आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात या शब्दांपासून प्रदेशवाचक रूपे कशी होतात ते सांगितले आहे. ज्या भूमीत खडेच खडे आहेत ती ‘शर्करिल’. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या विकाराचे वर्णन करताना ‘शर्करा’ हा शब्द मूत्रातून पडणाऱ्या बारीक खड्यांसाठी येतो. पालीतल्या ‘सक्खरा’लाही खडे आणि साखर असे दोन्ही अर्थ आहेत. उसाचा रस आटवून, निथळवून त्याचे कण बनवण्याची विद्या भारतात विकसित झाली, तेव्हा त्या कणांना स्वतःचे नाव नव्हते. ते दिसायला खड्यांसारखे होते, म्हणून त्यांना खड्यांचे नाव मिळाले.

अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही सादृश्यावर आधारलेली लक्षणा. मुख्य अर्थ दगडाचा, लक्ष्यार्थ गोड कणांचा आणि दोघांना जोडणारे साम्य रूपाचे. पुढे हा वापर इतका रूढ झाला की लक्षणा आहे याचेच भान उरले नाही. मराठीत त्याचा एक गमतीदार पुरावा शिल्लक आहे. साखरेचा अर्थ पुरता गोड झाल्यावर तिच्या मोठ्या खड्यांना वेगळे नाव हवे झाले, तेव्हा आपण ‘खडीसाखर’ हा शब्द केला. व्युत्पत्तीने पाहिले तर या समासाचा अर्थ होतो ‘खड्यांचे खडे’. एकच गोष्ट आपण दोनदा म्हणतो, कारण पहिल्यांदा म्हटलेली आपण विसरून गेलो आहोत. विशेष असे की चिनी लोकांनीही साखरेच्या घट्ट स्वरूपासाठी ‘दगडी मध’ अशा अर्थाचा शब्द वापरला. इ. स. ६४७ च्या सुमारास तांग सम्राट ताइझोंग याने साखर करण्याची पद्धत शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठवल्याची नोंद चिनी साधनांत आहे. नंतर फार शुभ्र साखरेला उत्तर भारतात ‘चीनी’ आणि खड्यांच्या साखरेला ‘मिसरी’ म्हणू लागले, म्हणजे विद्या इथून बाहेर गेली आणि मालाची नावे बाहेरून आत आली. शब्द एकाच दिशेने चालतात असे समजणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता बाणांच्या ओळीतल्या काही चुकीच्या समजुती दूर करू. ‘शर्करा’ आणि ‘शुगर’ या दोहोंच्या आरंभी ‘श’ आहे, यावरून नाते सिद्ध करण्याचा मोह अनेकांना होतो. नाते खरे आहे, पण हा पुरावा खोटा आहे. प्राकृतात ‘श’चा ‘स’ झाला. अरबी ‘सुक्कर’मध्ये ‘स’च आहे, फ्रेंचमध्येही ‘स’ आहे आणि इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द आला तेव्हा त्याच्या आरंभी ‘स’ हाच ध्वनी होता. नंतरच्या काळात ‘स्यु’ या उच्चाराचा ‘शु’ झाला. ‘शुअर’ या शब्दातही हेच घडले. तेव्हा इंग्रजी ‘श’ हा संस्कृत ‘श’चा वारस नाही, तो घरी परतलेला नव्हे तर वाटेत भेटलेला आहे. याउलट मराठी ‘साखर’ ही थेट वंशातली. संस्कृत ‘शर्करा’, प्राकृत ‘सक्करा’ वा ‘सक्खरा’, मग जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे. ‘हस्त’चा ‘हत्थ’ होऊन ‘हात’ झाला, ‘कर्म’चे ‘कम्म’ होऊन ‘काम’ झाले, तोच हा नियम. ग्रीकांनी हा शब्द ‘साक्खारॉन’ असा ऐकला. इ. स. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ हा वैद्य भारतातल्या बोरूसारख्या वनस्पतीत मिळणाऱ्या, मिठासारख्या दिसणाऱ्या आणि दाताखाली फुटणाऱ्या घट्ट मधाचे वर्णन करतो. आपल्या ‘साखरे’तला ‘ख’ आणि त्या ग्रीक शब्दातला ‘ख’ हे एकाच प्राकृत घराण्याचे होत.

इंग्रजीने हा शब्द एकदाच घेतला असेही नाही. ‘शुगर’ अरबांमार्फत आली. मलबार किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी गुळासाठी जो स्थानिक शब्द ऐकला, तोही ‘शर्करा’चाच वंशज होता आणि त्यातून इंग्रजीत ‘जॅगरी’ आली. ग्रीक-लॅटिन वाटेने शास्त्रीय परिभाषेत ‘सॅकरीन’ आले. १८७९ साली सापडलेल्या त्या कृत्रिम पदार्थात उसाचा कणही नाही, पण नावात तोच खडा आहे. आणि ‘कँडी’? ती संस्कृत ‘खंड’पासून, फारसी ‘कंद’मार्गे. आपली ‘खांड’ तिची सख्खी बहीण. एकाच शब्दाची तीन रूपे आणि शेजारचा चौथा शब्द, पण इंग्रजीत त्यांचे दर्जे निरनिराळे. ‘शुगर’ घरातली, ‘जॅगरी’ परक्यांची, ‘सॅकरीन’ प्रयोगशाळेची, ‘कँडी’ मुलांची. शब्द कोणाच्या हातून आला यावर त्याची पायरी ठरते.

इथपर्यंतची कथा आनंददायक आहे आणि अभ्यासक्रम इथेच थांबतो. पण शब्दाबरोबर मालही चालत होता, आणि माल आपोआप तयार होत नसतो. अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला. तिथून तो अटलांटिकमधल्या बेटांवर गेला. १४९३ साली कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर पोचवला. त्यानंतरच्या साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली फार मोठी संख्या उसाच्या मळ्यांवर खपली. ऊस हे पीक अशा व्यवस्थेला पोषक का ठरले, याचे एक कारण त्याच्या रसायनात आहे. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तोडल्यावर त्यातली साखर विघटित होऊ लागते आणि उतारा घसरतो. म्हणजे तोडणी, वाहतूक आणि गाळप यांची साखळी तुटता कामा नये. ती न तुटू देण्यासाठी हंगामभर जागेवरून हलू न शकणारी माणसे लागतात. अशी माणसे मिळवण्याचा प्रश्न वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या मार्गांनी सोडवला.

१७९१ नंतर इंग्लंडमध्ये गुलामांच्या श्रमाने झालेल्या साखरेवर बहिष्काराची मोठी चळवळ झाली. पुढे १८२० च्या दशकात तिथल्या मध्यमवर्गीय घरांत चिनी मातीच्या अशा साखरदाण्या दिसू लागल्या, ज्यांवर आतली साखर ईस्ट इंडियातली असून ती गुलामांनी केलेली नाही अशी ग्वाही लिहिलेली असे. भारताची साखर ही निर्मळ साखर, असा त्या लोकांचा विश्वास होता. १८३० च्या दशकात ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली आणि त्यांची जागा भरण्यासाठी १८३४ पासून मॉरिशसला भारतीय मजूर जाऊ लागले. त्यांत कोकणातून गेलेले मराठी भाषकही होते. त्यांच्या हातातल्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चे त्यांच्याच तोंडी ‘गिरमिट’ झाले. आज त्यांचे वंशज बोलतात त्या मॉरिशसच्या क्रिओल भाषेत साखरेला ‘दिसिक’ म्हणतात. फ्रेंच ‘द्यु सुक्र’चे ते रूप. एका अर्थी ‘शर्करा’ आणि मराठी माणूस या दोघांनी हिंदी महासागर वेगवेगळ्या वाटांनी ओलांडला आणि त्यांची गाठ एका बेटावरच्या फडात पडली. पण तिथे पोचेपर्यंत दोघांनाही एकमेकांची ओळख राहिली नव्हती.

आता बीडकडे येऊ. जिल्ह्याच्या मधून बालाघाटची रांग जाते. उत्तरेला गोदावरीकाठची काळी जमीन सोडली, तर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांत उथळ, मुरमाड, खडकाळ रानेच अधिक. पाऊस अवर्षणाच्या पट्ट्यातला. पाणिनीचा शब्द वापरायचा तर हा सगळा ‘शर्करिल’ प्रदेश. पश्चिमेला शेजारी आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिथे कालव्यांचे पाणी आले, १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशातल्या साखरधंद्याला बळ आले आणि १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढच्या दोन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. बीड तेव्हा नुकतेच हैदराबादच्या संस्थानी राजवटीतून बाहेर पडले होते. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. एका बाजूला पाणी आणि ऊस, दुसऱ्या बाजूला खडे आणि माणसे, अशी ही शेजारी-शेजारी मांडणी होती.

मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या तोंडी तीन शब्द आजही येतात. मिलो, सुकडी आणि खडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, सुकडी म्हणजे कामावर वाटला जाणारा पौष्टिक भुगा, आणि खडी म्हणजे दुष्काळी कामावर फोडायचे दगड. मराठवाड्यातल्या लाखो शेतकऱ्यांनी त्या वर्षी हातात हातोडा घेऊन रस्त्यासाठी खडी फोडली. त्यात कालपर्यंत सालगडी ठेवणारेही होते. दुष्काळ सरला, पण मोडलेली शेती आणि विकलेली जनावरे परत आली नाहीत. ऊसतोडीला जाणे आधीपासून चालू होते. दुष्काळाने त्या पायवाटेचा हमरस्ता केला. आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे आणि ती कोणत्याही कोशात नाही. ज्या हातांनी ‘शर्करा’ फोडली, तेच हात ‘शर्करा’ तोडायला गेले. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लक्षणेने एकमेकांपासून दूर गेलेले दोन अर्थ बीड जिल्ह्यात एका पिढीच्या आयुष्यात पुन्हा एकत्र आले.

या श्रमाची स्वतःची एक शब्दकळा आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला ती एखाद्या जुन्या पोथीइतकीच मोलाची वाटावी. या जिल्ह्याला जुन्या मराठीचा अभिमान आहे आणि तो योग्य आहे. परंपरेने आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात, त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११० असा सांगतात आणि त्याच गावी दासोपंतांनी लांबलचक कापडी पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. त्याच मातीतला आजचा शब्दसंग्रह पाहा. टोळीचा म्होरक्या तो ‘मुकादम’. शब्द अरबी, अर्थ ‘पुढे ठेवलेला’. हाच शब्द अरबांबरोबर स्पेनलाही गेला आणि तिथे सैनिकी तुकडीच्या नायकाचे नाव झाला. म्हणजे साखर आणि मुकादम हे दोन्ही शब्द अरबांच्याच तांड्यातले, फक्त एक पश्चिमेला उतरून थांबला आणि दुसरा फिरत फिरत आपल्याकडे आला. कारखान्याच्या वतीने शेताची तोडचिठ्ठी देणारा तो ‘चिटबॉय’. आपल्या ‘चिठ्ठी’चे इंग्रजांनी ‘चिट’ केले, त्याला ‘बॉय’ जोडला आणि तो शब्द फडावर परत आला. ‘डोकी सेंटर’, ‘गाडी सेंटर’, ‘टायर गाडी’, ‘गेटकेन’ हे इंग्रजीचे देणे, तर ‘मोळी’, ‘पाचट’, ‘वाढे’, ‘बुडखा’, ‘खोडवा’, ‘कोपी’ हे घरचे धन. काम चुकले तर पडतो तो ‘खाडा’. त्याची किंमत मजुरीतून कापली जाते.

यांतल्या दोन शब्दांपाशी थांबले पाहिजे. पहिला ‘कोयता’. साधनाचे हे नाव व्यवहारात माणसाचे नाव झाले आहे. ‘मुकादमाकडे वीस कोयते आहेत’ असे म्हटले जाते. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे लक्षणेचे प्रसिद्ध उदाहरण आठवेल, ज्यात भाले धरलेली माणसे आत येत असताना नुसते ‘भाले’ येत आहेत असे म्हटलेले असते. रूप तेच आहे. फरक हिशोबात आहे. शास्त्रातल्या उदाहरणात भाला आणि माणूस यांची संगती एकास एक असते. फडावरच्या एका कोयत्यात दोन माणसे असतात, नवरा आणि बायको. तो तोडतो, ती साळते, बांधते, डोक्यावरून वाहते. पण मोजणी एकाची आणि हिशोब बहुधा त्याच्या हाती. म्हणजे या लक्षणेत लक्ष्यार्थाचा अर्धा भाग गळून पडतो. जोडप्याशिवाय कोयता होत नाही, म्हणून लग्नाची घाई होते. बालविवाहाचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यातल्या जिल्ह्यांत बीडचे नाव येते, त्याला इतर कारणे असली तरी हे एक व्याकरणही आहे. एका शब्दाचे वचन मुलींच्या वयावर असे उतरते.

दुसरा शब्द ‘उचल’. हंगामापूर्वी मुकादमामार्फत मिळणारी आगाऊ रक्कम. ‘उचलणे’ या क्रियापदात कर्ता मजूर आहे, जणू पैसे तिथे पडलेले होते आणि त्याने ते आपल्या इच्छेने उचलले. इंग्रजी ‘अ‍ॅडव्हान्स’मध्ये निदान देणारा दिसतो, ‘उचल’मध्ये तो अदृश्य होतो आणि ऋण तेवढे घेणाऱ्याच्या हाताला चिकटते. गिरमिट कागदावर होते, त्याला मुदत होती. उचल बहुधा तोंडी असते आणि हंगाम संपताना फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपवली. पण कायद्याची भाषा आणि फडाची भाषा यांच्यात भाषांतर करणारा कोणी नसतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ साली याच धातूपासून झालेल्या एका शब्दाचा कलंक साहित्यात मांडला. त्याचे हे भावंड मात्र अजून हिशोबाच्या वहीतच राहिले आहे.

याउलट मराठीत ‘साखर’ या शब्दाभोवती केवढे गोड कुटुंब जमले आहे! साखरपुडा, साखरझोप, साखरपेरणी, साखरभात, गुढीला बांधायची साखरेची गाठी. चांगले बोलणाऱ्याच्या तोंडात आपण साखर घालतो आणि साखरेचे खाणाऱ्याला देवावर सोपवतो. विसाव्या शतकात या कुटुंबात नवे सदस्य आले आणि त्यांची जात वेगळी होती. ‘साखरपट्टा’, ‘साखरसम्राट’ आणि ‘साखरशाळा’. पहिल्या दोन शब्दांत साखर म्हणजे सत्ता. तिसऱ्यात साखर म्हणजे केवळ ठिकाण. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याच्या परिसरात हंगामापुरती चालणारी शाळा ती साखरशाळा. पुढे मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आली. नाव ऐकणाऱ्याला वाटावे की शाळेत खाऊ मिळत असेल. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ठाऊक असते की पालक पहाटे फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन जी मुले येतील, त्यांच्यासाठी ती असते. एका भाषेत ‘साखरझोप’ आणि ‘साखरशाळा’ हे दोन शब्द शेजारी नांदतात. पहिल्या शब्दातली पहाट आणि दुसऱ्या शब्दातली पहाट एक नाही, हे सांगण्याची सोय कोशात नसते.

आणि शेवटी ‘शुगर’ स्वतः परत आली आहे. आज बीडच्या बाजारपेठेत कोणी ‘शुगर’ म्हणाले तर त्याचा अर्थ वाण्याकडची साखर असा होत नाही. ‘त्यांना शुगर आहे’, म्हणजे मधुमेह आहे. ‘शर्करा’ प्रयोगशाळेच्या अहवालात, ‘साखर’ डब्यात आणि ‘शुगर’ रक्तात, अशी एकाच शब्दाच्या तीन रूपांची वाटणी मराठीने करून टाकली आहे. कारखान्यांच्या पाट्यांवर ‘शुगर’ आहे, ती चौथी. सुश्रुताने हा शब्द रोगासाठी वापरला होता, तो शब्द दोन हजार वर्षांनी जगाला वळसा घालून पुन्हा रोगाचेच नाव झाला. अर्थात तो रोग वेगळा.

रोगाचा विषय निघाला म्हणून एक नोंद टाळता येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाण्याची, शौचालयाची सोय नसलेले फडावरचे सहा महिने, पाळीच्या दिवसांतही न टळणारे ओझे, खाड्याची भीती आणि गावाजवळच्या खाजगी दवाखान्यांतले सल्ले, अशी कारणांची मालिका त्या चर्चेत पुढे आली. गावोगावी बायका या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढली’ म्हणतात. या वाक्यात कर्ता नाही. कोणी काढली, का काढली, हे विचारायला वाक्यात जागाच नाही. ‘उचल’मध्ये देणारा दिसत नाही, ‘कोयत्या’त बाई दिसत नाही आणि ‘पिशवी काढली’मध्ये काढणारा दिसत नाही. शब्दार्थाचा अभ्यास करणाऱ्यांनी या तीन अदृश्य जागा एका ओळीत ठेवून पाहाव्यात.

यावर एक आक्षेप येईल. व्युत्पत्ती हे शास्त्र आहे, त्याने ध्वनी आणि अर्थ यांचे बदल सांगावेत, मजुरीचा हिशोब त्याच्या कक्षेत येत नाही. आक्षेप निराधार नाही. शब्दाच्या मुळात नीतिपाठ शोधणे हा भाबडेपणा असतो. ‘शर्करा’ म्हणजे खडे होते, म्हणून साखर कठोर आहे, असे म्हणणे ही कोटी झाली, इतिहास नव्हे. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. अर्थबदल होतो तो कोणाच्या तरी व्यवहारात होतो. फारसी ‘शकर’ व्यापाऱ्यांच्या तोंडी होती, ‘जॅगरी’ पोर्तुगीज खलाशांच्या, ‘गिरमिट’ जहाजावर चढणाऱ्यांच्या. त्या सर्वांना आपण शब्दाच्या इतिहासात जागा देतो. मग ज्यांनी ‘कोयता’, ‘उचल’ आणि ‘खाडा’ यांना आजचे अर्थ दिले, त्यांनाच तेवढी जागा का नसावी? ‘शुगर’ हा शब्द आपला, असा अभिमान बाळगायचा तर त्याचा संपूर्ण गोतावळा आपला म्हणावा लागेल. १८२० च्या दशकातल्या त्या साखरदाण्यांवरची ग्वाही आज आपल्या साखरेवर निःशंकपणे लिहिता येईल का, हा प्रश्नही त्यातच येतो.

आपल्याकडे एक म्हण आहे, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. फडावर मात्र ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते. म्हण घरात बसलेल्यांची आहे, तोडणी वाकलेल्यांची. त्यासाठी दिवसभर कंबरेत वाकून राहावे लागते आणि ते वाकणे कोणत्याही म्हणीत आलेले नाही.

आता आम्ही फळ्यावर ती बाणांची ओळ काढतो तेव्हा ती ‘शुगर’पाशी संपवत नाही. पुढे आणखी एक बाण काढतो आणि वर्गाला विचारतो की यानंतर कोणता शब्द लिहावा. मार्चनंतर फडावरून परतलेला एखादा विद्यार्थी वर्गात असेल, तर उत्तरासाठी फार थांबावे लागत नाही.